लोणेऱ्याचे विद्यापीठ आणि कोकणचे पाणी

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या व काही खासगी वाहने प्रवाशांसह अंधारात नाहीशी झाली. पूल १९२८ साली बांधलेला होता. पुढे रीतीप्रमाणे सर्व काही घडले. शोधमोहीम झाली, चौकशी झाली, राज्यातील जुन्या पुलांच्या तपासणीच्या घोषणा झाल्या आणि नवा पूल वर्षाच्या आत उभाही राहिला. सरकारने मनावर घेतले तर काम वेळेत होऊ शकते, याचा तो एक दुर्मीळ दाखला होय. मात्र त्या दिवसांतील चर्चेत एका गोष्टीचा उल्लेख जवळजवळ कोणी केला नाही. त्याच महामार्गावर, पडलेल्या पुलापासून तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी, माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे एक संपूर्ण तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे आहे. तेथे स्थापत्य अभियांत्रिकीचा विभाग आहे, रसायन अभियांत्रिकीचा आहे, तेलरसायनांचाही आहे. तरीही कोकणात पूल पडला किंवा डोंगर खचला की लोकांना पवईची आयआयटी आठवते. लोणेरे आठवत नाही. याचा दोष तेथे शिकवणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्या विद्यापीठाकडून आपल्याला नेमके काय हवे, हे ज्यांनी त्याचे कायदे केले त्यांनीच स्पष्ट केले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापना १९८९ साली स्वतंत्र कायद्याने झाली. स्थळाची आणि नावाची निवड सार्थ होती. लोणेऱ्याहून महाड जवळ आहे, आणि महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे घडले ते महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. परंतु तंत्रशास्त्राच्या विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव शोभते ते आणखी एका कारणाने, आणि ते कारण शाळेच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची बोलणी त्यांनी चालविली. ओरिसातील नद्यांविषयी १९४५ मध्ये कटक येथे झालेल्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वज असलेली संस्था त्याच वर्षी स्थापन झाली. एका तळ्यावरील पाण्याच्या हक्कासाठी लढलेला हा पुरुष पुढे साऱ्या देशाच्या पाण्याचा विचार करीत होता. त्याच्या नावाच्या विद्यापीठाने पाण्याकडे पाठ फिरवावी, हे त्या नावाशी विसंगत आहे.

आरंभी हे विद्यापीठ एकात्म स्वरूपाचे होते. आपल्याच आवारात शिकवावे, आपल्याच विद्यार्थ्यांच्या परीक्षा घ्याव्यात, अभ्यासक्रम आपला आपण ठरवावा, अशी ती रचना होती. २०१४ च्या नव्या कायद्याने हे स्वरूप बदलले. तो कायदा २०१६ मध्ये अमलात आला, विद्यापीठाला संलग्नतेचे अधिकार मिळाले आणि राज्याच्या निरनिराळ्या भागांतील महाविद्यालये त्याला जोडली गेली. या बदलामागे काहीच विचार नव्हता असे म्हणता येणार नाही. पारंपरिक विद्यापीठांत अभियांत्रिकी ही अनेक विद्याशाखांपैकी एक असते. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या लाखो विद्यार्थ्यांच्या गर्दीत तिच्या अभ्यासक्रमाकडे वेळेवर लक्ष जात नाही, आणि नागपूरच्या विद्यार्थ्याने एक शिकावे व औरंगाबादच्याने दुसरे, यातही फारसा अर्थ नव्हता. सर्व तांत्रिक महाविद्यालयांसाठी एक विशेष विद्यापीठ असावे ही कल्पना त्यामुळे वरकरणी आकर्षक वाटते. आंध्र, कर्नाटक आणि गुजरात या राज्यांनी ती आपापल्या परीने राबविली आहे.

पण संलग्नता म्हणजे प्रत्यक्षात काय, हे कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षा विभागातील कारकुनाला विचारावे. समजा, एका मध्यम महाविद्यालयात चार शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेत साठ जागा. चार वर्षांचे मिळून विद्यार्थी झाले ९६०. प्रत्येकाच्या एका सत्रात पाच लेखी परीक्षा धरल्या आणि वर्षाची दोन सत्रे धरली, तर एका महाविद्यालयाच्या उत्तरपत्रिका होतात ९,६००. अशी शंभर महाविद्यालये असली तर आकडा साडेनऊ लाखांच्या पुढे जातो. नापास झालेल्यांच्या फेरपरीक्षा, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज, नावातील चुकांच्या दुरुस्त्या हे सारे यात धरलेले नाही. प्रत्येक प्रश्नपत्रिकेचे दोन-तीन संच काढावयाचे, ते तपासून घ्यावयाचे, केंद्रांवर वेळेवर आणि फुटू न देता पोहोचवायचे, परीक्षक मिळवायचे, त्यांची बिले भागवायची, आणि निकाल एक आठवडा लांबला तर वर्तमानपत्रांतील पत्रांना उत्तरे द्यावयाची. ही कामे क्षुद्र नाहीत. कोणी तरी ती चोख केलीच पाहिजेत, कारण वेळेवर न मिळालेल्या एका गुणपत्रिकेपायी एखाद्या मुलाची नोकरी जाते. प्रश्न इतकाच की जी संस्था वर्षाचे बारा महिने या कामात बुडालेली असेल, तिच्या कुलगुरूंना प्रयोगशाळेत काय चालले आहे हे पाहण्यास कोणता महिना उरतो?

यातील आणखी एक मेख पैशाची आहे. संलग्नतेचे शुल्क आणि परीक्षा शुल्क यांतून विद्यापीठाला नियमित उत्पन्न मिळते. शिकवण्यातून आणि संशोधनातून तसे मिळत नाही. तेथे उलट खर्चच असतो. सरकारी अनुदान आखडते होऊ लागले की कोणतेही विद्यापीठ स्वाभाविकपणे ज्यातून पैसा येतो त्या कामाकडे झुकते. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर माणसे घेण्याची पद्धत राज्यात सर्वत्रच रूढ झाली आहे. जो अध्यापक पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही या विवंचनेत आहे, त्याने दहा वर्षे एखाद्या नदीचा अभ्यास करावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

या बाबतीत तामिळनाडूचा अनुभव पाहण्यासारखा आहे. मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयासह चार नामांकित संस्था एकत्र करून १९७८ साली अण्णा विद्यापीठ स्थापन झाले. तेही प्रथम एकात्मच होते. २००१ मध्ये राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला जोडण्यात आली. पसारा आवरेना, म्हणून २००७ पासून त्याचे विभागवार तुकडे करण्यात आले आणि २०१२ मध्ये ते तुकडे पुन्हा एकत्र आणण्यात आले. इतक्या उलथापालथीनंतरही त्या विद्यापीठाची प्रतिष्ठा टिकली, याचे कारण त्याच्या मूळ आवारातील विभागांचा अभ्यासक्रम, प्रवेश आणि परीक्षा ही संलग्न महाविद्यालयांच्या व्यवहारापासून वेगळी राहिली. शिवाय गिंडीच्या पाठीशी सुमारे दोनशे वर्षांची पुण्याई होती. लोणेऱ्याला संलग्नतेचे ओझे मिळाले ते अवघ्या सत्तावीस वर्षांच्या वयात.

त्यातच संलग्नतेचा पायाच हळूहळू ढासळत आहे. चांगल्या महाविद्यालयांना स्वायत्तता मिळते आणि ती आपल्या परीक्षा आपण घेऊ लागतात. त्याहून चांगली आणखी पुढे जातात. १८५४ पासून चालत आलेले पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. देशाचे धोरणही २०२० पासून संलग्नतेची पद्धत कालांतराने मोडीत काढण्याचे आहे. म्हणजे सशक्त संस्था एकेक करून बाहेर पडणार आणि ज्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नाही अशांच्या परीक्षा घेण्याचे काम तेवढे संलग्नक विद्यापीठाकडे उरणार. लोणेऱ्याचे पुढील पंचवीस वर्षांचे भवितव्य या कामावर बांधणे म्हणजे ओहोटीच्या वेळी होडी पाण्यात लोटण्यासारखे आहे.

मग दुसरी वाट कोणती? ती शोधण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. रुडकी पुरेशी आहे. गंगेचा कालवा खोदण्यासाठी माणसे हवी होती म्हणून १८४७ साली रुडकी येथे अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले. समोर कालवा होता, त्याचे प्रश्न होते, आणि ते सोडविता सोडविता विद्या वाढली. १९४९ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले, स्वतंत्र भारतातील पहिले तंत्रविद्यापीठ. १९५४ मध्ये अयोध्यानाथ खोसला तेथे कुलगुरू म्हणून आले. आंबेडकरांच्या खात्याखाली १९४५ मध्ये स्थापन झालेल्या त्या जलसंस्थेचे पहिले अध्यक्ष हेच खोसला. त्यांच्या कारकीर्दीत १९५५ मध्ये रुडकीत जलसंपत्ती विकासाचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्यानंतर हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना भूकंपाकडे डोळेझाक करून चालणार नाही हे ओळखून १९६० मध्ये जयकृष्ण यांनी भूकंप अभियांत्रिकीची शाळा उभी केली. डिसेंबर १९६७ मध्ये कोयना हादरली, तेव्हा या विषयाची जाण असलेली माणसे देशात होती ती अशा पूर्वतयारीमुळेच. २००१ मध्ये रुडकीची आयआयटी झाली, पण तिचे मोल पाटी बदलल्याने आलेले नाही. आपल्या दाराशी असलेला प्रश्न तिने स्वतःचा मानला होता.

लोणेऱ्याच्या दाराशी प्रश्नांची वाण नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. तेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ते पाणी काही तासांत घाट उतरून पोलादपूर ओलांडते आणि महाडला गांधारीला मिळते. खालून बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी वर चढते. पूर्वी उधाणाच्या भरतीला गलबते महाडपर्यंत येत, हा इतिहास आहे. वरचा पूर आणि खालची भरती एकाच वेळी आली की महाडची बाजारपेठ पाण्याखाली जाते. २००५ मध्ये ती गेली, २०२१ मध्येही गेली. नदीच्या पात्रात गाळ किती साठला, रेल्वेचे आणि महामार्गाचे भराव पुराच्या पाण्याला कितपत अडवतात, कोणत्या भरतीला किती पाऊस धोक्याचा, हे प्रश्न महाडकर प्रत्येक पुरानंतर विचारतात. त्यांची उत्तरे सभांतील भाषणांतून मिळत नसतात. पोलादपूरपासून बाणकोटपर्यंत जागोजागी पाण्याची पातळी पंधरा-वीस पावसाळे न चुकता मोजली तर ती मिळतील. हे काम सरकारी खात्याकडून सहसा होत नाही, कारण अधिकाऱ्याची बदली तीन वर्षांनी होते. विद्यापीठ मात्र जागचे हलत नाही, आणि दरवर्षी विद्यार्थ्यांची नवी तुकडी त्याच्या दारात उभी राहते.

दरडींचे तेच. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर कोसळले आणि शंभराहून अधिक माणसे गाडली गेली. १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे कोकण रेल्वेची गाडी घसरली होती. २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. हे डोंगर एकाएकी कोसळत नाहीत. वरची माती आणि झिजलेला खडक पावसाने पाणी पितो, खालच्या घट्ट कातळावर ते पाणी साचून दाब वाढतो, आणि पुष्कळदा माथ्यावर आधीच भेगा दिसू लागतात. गुराख्याला त्या दिसतात. पण त्याने त्या कोणाला दाखवाव्यात, आणि पाहणाऱ्याला त्यातले काय कळावे? प्रत्येक धोक्याच्या उतारावर पावसाचे माप व जमिनीतील पाण्याच्या दाबाचे माप ठेवणे आणि किती पावसाला गाव हलवावे याचा आकडा ठरविणे ही आज आवाक्याबाहेरची गोष्ट राहिलेली नाही. ज्यांना केवळ संगणकच शिकावयाचा आहे अशा विद्यार्थ्यांनाही यात भरपूर काम आहे. डोंगरातील यंत्राने पाठविलेला आकडा रात्री दोन वाजता वाचून इशारा द्यावयाचा तर ते काम संगणकाचेच.

पुलांबाबतही एक गैरसमज आहे. पाणी पुलावरून गेले म्हणून पूल पडला असे आपण म्हणतो. पुष्कळदा पूर तसे करीत नाही; तो खांबाच्या बुडाशी भोवरे करून पायाखालची माती आणि दगड खणून नेतो, आणि वरून पूल धडधाकट दिसत असतो. ते ओळखायचे तर पावसाळ्यानंतर प्रत्येक पायाची खोली मोजावी लागते. कोकणात ब्रिटिशांच्या काळचे पूल आहेत, खेडोपाडी साकव आहेत, खाऱ्या वाऱ्याने ज्यांतील लोखंड गंजते अशा काँक्रीटच्या नव्या इमारतीही आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये महाड शहरात अशीच एक इमारत कोसळली. ती फार जुनी नव्हती. आणि नद्या-डोंगरांच्या जोडीला कारखाने आहेत. रोहा, महाड, लोटे, तळोजा या वसाहतींत रसायनांचे उद्योग दाटले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या वसाहतीत झालेल्या स्फोटाने आणि आगीने अकरा कामगारांचा बळी घेतला. शेजारी रसायन व तेलरसायन अभियांत्रिकी शिकविणारे विद्यापीठ असता कारखान्यांच्या सुरक्षिततेचे राज्यातील पहिले केंद्र दुसरीकडे असण्याचे कारण नाही.

यावर आक्षेप येईल की पुण्याला खडकवासल्याची जलसंशोधन संस्था १९१६ पासून आहे, नाशिकला अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ पासून आहे. मग तिसरी कशाला? या दोन्ही संस्थांची योग्यता वादातीत आहे. पण त्या खात्यांनी पाठविलेले प्रश्न सोडवितात. विद्यार्थी घडविणे हे त्यांचे मुख्य काम नाही. कोकणच्या नगरपालिकांना, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला आणि कारखान्यांना जी शेकडो माणसे हवी आहेत ती विद्यापीठातूनच यावयाची.

अधिक खरा आक्षेप असा की चांगला अध्यापक लोणेऱ्याला राहण्यास तयार होत नाही. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गाने धावू लागली, तरी मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाने दशकाहून अधिक काळ जी दैना केली तिची चर्चा न केलेली बरी. तरुण प्राध्यापक येतो, त्याची मुले शाळेत जाऊ लागली की तो पनवेलकडे पाहू लागतो. याला देशभक्तीचे प्रवचन हा उपाय नव्हे. राहण्यास बरी घरे, मुलांना बरी शाळा, रात्री-अपरात्री उपयोगी पडेल असा दवाखाना यांची तरतूद विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात प्रयोगशाळेइतक्याच महत्त्वाने झाली पाहिजे. अशा खर्चाला चैन म्हणण्याची आपल्या अर्थखात्याला सवय आहे.

एक गोष्ट भाषेची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास संमती दिली. संपूर्ण अभ्यासक्रम मराठीत नेण्याविषयी मतभेद राहतील, आणि नोकरीच्या बाजारात इंग्रजीवाचून अडते हे विद्यार्थ्यांना अध्यापकांपेक्षा चांगले कळते. परंतु रायगड-रत्नागिरीच्या मराठी शाळांतून आलेला मुलगा पहिल्या वर्षी यंत्रशास्त्रात नापास होतो तेव्हा पुष्कळदा त्याला शास्त्र अडलेले नसते, वाक्य अडलेले असते. पहिल्या वर्षासाठी मराठीतून शिकवणीचे तास आणि नीट लिहिलेल्या टिपणांची पुस्तके एवढे तरी तांत्रिक विद्यापीठाने अवश्य करावे. डोंगराच्या भेगा कशा ओळखाव्यात हे गावकऱ्याला सांगणारे पत्रक तर मराठीतच लागेल, आणि ते लिहिता येणे ही अभियंत्याची पात्रताच मानली पाहिजे.

तेव्हा सरकारने दोन कामांची फारकत करावी. संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षांसाठी वेगळी यंत्रणा, वेगळे प्रमुख आणि वेगळा हिशेब असावा. विभागीय केंद्रांना त्यांत पुरेसे अधिकार द्यावेत, म्हणजे विदर्भातल्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेतील एका अक्षरासाठी कोकणाकडे डोळे लावावे लागणार नाहीत. त्या कामातून उरणारा पैसा लोणेऱ्याच्या प्रयोगशाळांना ठरावीक प्रमाणात मिळावा, आणि ते प्रमाण कायद्यात लिहिलेले असावे. कुलगुरू बदलले की बदलणारे नसावे. आवारातील सर्व मंजूर पदे कायम स्वरूपात भरावीत. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा आणि औद्योगिक विकास महामंडळ यांनी उत्तर कोकणातील पुलांची तपासणी, नद्यांची मोजमापे आणि कारखान्यांच्या सुरक्षिततेची पाहणी यांपैकी निश्चित कामे या विद्यापीठाकडे सोपवावीत, त्यांचा मोबदला द्यावा आणि आपली जुनी माहिती त्याच्यापुढे उघडी करावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. खाती पैसे देतील, पण कपाटातील नकाशे देणार नाहीत.

नव्या इमारतींची आणि नव्या अभ्यासक्रमांची यादी तयार करणे सोपे असते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा विभाग आज कोणत्याही महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात सापडतो. लोणेऱ्याच्या विद्यापीठाच्या पुढील आराखड्यात सावित्रीचे नाव आहे की नाही, हे विधिमंडळातील कोकणच्या आमदारांनी तपासून पाहावे. पाणी मोजण्याच्या पट्ट्या नदीकाठच्या खांबांवर रंगविण्यास फार मोठे अनुदान लागत नाही, आणि त्या मे महिन्यातच रंगवाव्या लागतात.